टायर वाचायचा आणि वाचवायचा

शुक्रवारचा सराव संपला की फॉर्म्युला वनच्या गॅरेजांच्या मागच्या बाजूला एक काम सुरू होते. टीव्हीवर ते क्वचितच दाखवतात. वापरून आलेला टायर समोर घ्यायचा, त्यावर यंत्रातून गरम हवेचा झोत सोडायचा आणि मऊ पडलेले रबर पात्याने खरवडून काढायचे. हे खरवडलेले रबर बहुतेक त्या टायरचे नसतेच. दुसऱ्या गाड्यांच्या टायरांतून सुटून ट्रॅकवर पडलेला आणि जाता जाता याला चिकटलेला तो चुरा असतो. तो निघाला की खाली टायरची स्वतःची कातडी दिसते. तिच्यावर मोजमापासाठी मुद्दाम ठेवलेली बारीक भोके असतात. त्यांत मोजपट्टी घालून रबराचा थर किती उरला ते बघायचे: आतल्या कडेला किती, मध्ये किती, बाहेरच्या कडेला किती. मग पुढचा टायर.

मला हे काम फार आवडते. ताशी तीनशे किलोमीटरच्या त्या सगळ्या गदारोळात शांतपणे बसून एक माणूस झिजलेल्या वस्तूला विचारतो आहे की, बाबा, तुझ्यावर नेमके काय गुजरले?

आपल्या मोटारीचा टायर चाळीस-पन्नास हजार किलोमीटर सहज चालतो. फॉर्म्युला वनचा टायर शंभर-दीडशे किलोमीटर नीट चालला तरी संघ समाधानी असतो. २०११ पासून सर्व संघांना टायर पुरवते ती इटलीची पिरेली ही एकच कंपनी. कडक ते मऊ अशा तिच्या मिश्रणांच्या उतरंडीतून प्रत्येक शर्यतीसाठी तीन निवडली जातात. त्यांतल्या कडक टायरवर पांढरा पट्टा, मध्यमवर पिवळा, मऊवर लाल. नेहमीच्या शर्यतीत एका चालकाला कोरड्या ट्रॅकसाठी तेरा संच मिळतात, आणि हेच सगळ्यांना. म्हणजे टायर विकत घेऊन कोणी पुढे जाऊ शकत नाही. तोच टायर दुसऱ्यापेक्षा जास्त समजून घेणे, एवढाच मार्ग उरतो.

समजून घ्यायचे म्हणजे काय, हे कळायला आधी रबर रस्ता कसा पकडते ते पाहावे लागते. डांबरी ट्रॅक जवळून पाहिला तर तो खडीच्या टोकांचा डोंगराळ प्रदेश आहे. त्यावर दाबले गेलेले रबर दोन प्रकारांनी धरून राहते. एक म्हणजे त्याचे रेणू दगडाच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात आणि सुटतात. दुसरे जास्त मजेदार आहे. रबर खडीच्या टोकाभोवती दबते, टोक पुढे सरकते, पण दबलेले रबर लगेच मूळ आकारात येत नाही. थोडे रेंगाळते. या रेंगाळण्यामुळे टोकाच्या एका बाजूला दाब जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी राहतो. हा फरक गाडीला घसरण्यापासून अडवतो. चेंडूसारखे लगेच उसळणारे रबर या कामाला फारसे उपयोगी नाही. शर्यतीला आळशी रबर हवे.

पण या आळसाची किंमत आहे. दबताना रबरात गेलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही, काही भाग उष्णता होऊन आतच राहतो. ज्या गुणामुळे पकड मिळते त्याच गुणामुळे टायर तापतो. पकड हवी आणि ताप नको, असे मागताच येत नाही. टायर सांभाळण्याची सगळी विद्या या एका अडचणीतून जन्माला आली आहे.

शिवाय रबराचा आळस तापमानावर अवलंबून असतो. थंड रबर ताठ असते. खडीत शिरत नाही, वरून सरकते. खूप तापलेले रबर इतके मऊ पडते की ते स्वतःच फाटू लागते. यांच्या मधे, साधारण शंभर अंशांच्या आसपास, एक अरुंद पट्टा असतो आणि मिश्रणागणिक तो थोडा वर किंवा खाली सरकतो. लाडवाच्या पाकासारखे आहे हे. कच्चा राहिला तर लाडू वळत नाहीत, पुढे गेला तर दगड होतात. फरक इतकाच की इथे चार पातेल्यांत चार वेगळे पाक एकाच वेळी उकळत आहेत आणि चुलीचा जाळ दर वळणाला बदलतो आहे. गाडी निघण्याआधी टायर विजेच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून सत्तर अंशांपर्यंत तापवलेले असतात ते याचसाठी.

त्यातही टायरला दोन तापमाने असतात. एक कातडीचे, एक गाभ्याचे. कातडी एका वळणात कितीतरी अंशांनी भडकते आणि पुढच्या सरळ रस्त्यावर वाऱ्याने निवते. गाभा मात्र हळूहळू, कित्येक फेऱ्यांनी तापतो आणि तितकाच हळू निवतो. गाभा तापला की आतली हवा प्रसरण पावते, दाब वाढतो, टायर फुगीर होतो आणि रस्त्याला टेकणारा त्याचा भाग लहान होतो. कातडी चुकली तर चालक दोन-चार फेऱ्या सांभाळून चालवून ती परत आणू शकतो. गाभा चुकला तर ते गणित लवकर सुटत नाही. बाहेरून कॅमेऱ्याने कातडीचे तापमान दिसते, आतल्या हवेच्या दाबावरून गाभ्याचा अंदाज बांधता येतो, आणि बाकीचे गणिताने भरून काढावे लागते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठातले हान्स पासेइका यांनी टायरच्या बलाचे एक सूत्र सहकाऱ्यांसह मांडले. ते ‘मॅजिक फॉर्म्युला’ म्हणून ओळखले जाते. टायर किती घसरला की किती बल देतो, हे त्यात नेमके बसते; पण ते भौतिकशास्त्राच्या मूळ नियमांतून काढलेले नाही, मोजलेल्या आकड्यांवर बसवलेले आहे. तापमान आणि झीज हा पुढचा भाग प्रत्येक संघ आपापल्या परीने त्यावर रचतो आणि जिवापाड जपतो.

टायर ‘गेला’ असे आपण सरसकट म्हणतो, पण जाण्याच्या तऱ्हा वेगळ्या आहेत आणि त्या ओळखता येणे हे पहिले शिक्षण. रबर घासून संपणे ही साधी झीज. कातडी गरम आणि खालचे रबर थंड अशी जोडी जमली की वरचा थर सरकून फाटतो, त्याच्या सुरळ्या होतात आणि टायर खोडरबराने घासलेल्या कागदासारखा दिसू लागतो. इंग्रजीत याला ग्रेनिंग म्हणतात. हे दुखणे पुष्कळदा आपोआप बरे होते. फाटलेला थर घासून निघतो आणि पकड परत येते. म्हणून घाबरून टायर बदलणारा संघ इथे फसतो. याच्या उलट, गाभ्यातच उष्णता कोंडली की आतले रबर उकळल्यासारखे होऊन फोड येतात आणि त्या जागी रबराचा तुकडाच उडतो. ते बरे होत नाही. आणि चौथी तऱ्हा सर्वांत फसवी: रबर भरपूर शिल्लक आहे, दिसायला टायर चांगला आहे, पण पुन्हा पुन्हा तापून त्याची ताकदच गेलेली आहे. त्या गॅरेजातल्या माणसाची मोजणी इथे काही सांगू शकत नाही. इथे फक्त घड्याळ बोलते.

घड्याळही सरळ बोलत नाही. शुक्रवारच्या दुसऱ्या सरावात संघ गाडीत बरेच इंधन भरून सलग दहा-पंधरा फेऱ्या मारतात. समजा प्रत्येक फेरीला वेळ अगदी तोच आला. टायर झिजलाच नाही म्हणायचे? नाही. प्रत्येक फेरीला गाडीतले दीड-पावणेदोन किलो इंधन जळते. दहा किलो वजन कमी झाले तर गाडी फेरीमागे साधारण ०.३ सेकंदाने वेगवान होते. म्हणजे केवळ हलकी होत गेल्यामुळे ती दर फेरीला ०.०५ सेकंदाने वेगवान व्हायला हवी होती. वेळ तोच राहिला याचा अर्थ तितकेच टायरने खाल्ले. मग यातून वाऱ्याचा परिणाम वजा करायचा, मधे आडव्या आलेल्या गाडीचा वजा करायचा, आणि दिवसभरात ट्रॅकवर रबर चढून पकड वाढली ती वेगळी काढायची. इतके सगळे सोलून झाल्यावर हातात एक बारीक आकडा उरतो. टायर दर फेरीला किती वेळ गमावतो, तो आकडा.

तो किती बारीक असून किती महत्त्वाचा आहे हे स्वतः मांडून पाहण्यासारखे आहे. समजा तीस फेऱ्या उरल्या आहेत आणि टायर दर फेरीला ०.१ सेकंदाने मंदावतो. न थांबता तीस फेऱ्या काढल्या तर एकूण तोटा ४३.५ सेकंदांचा. मधे एकदा नवा टायर घेतला तर पंधरा-पंधरा फेऱ्यांचे दोन तुकडे, तोटा २१ सेकंद. बचत साडेबावीस सेकंद. पिटमध्ये शिरून बाहेर येण्यात वीस सेकंद जातात असे धरले तर थांबणे फायद्याचे. आता टायर ०.१ ऐवजी ०.०८ ने मंदावतो असे धरा. बचत अठरा सेकंदांवर येते आणि थांबणे तोट्याचे ठरते. सेकंदाच्या दोन शतांश भागांत अख्खा निर्णय उलटला. संघ संगणकात तीच शर्यत हजारो वेळा पळवून पाहतात, हे खरे. पण त्या हजारो शर्यतींच्या पोटात घातलेला आकडा शुक्रवारी चुकला असेल तर हजारही चुकीच्याच निघतात.

आता चालकाकडे वळू. टायर अजिबात न घसरता सर्वाधिक पकड देत नाही. वळणात तो ज्या दिशेला रोखलेला असतो आणि प्रत्यक्षात ज्या दिशेला जातो, त्यांत काही अंशांचा कोन पडतो तेव्हा पकड शिखरावर असते. शिखराच्या पुढे गेले की पकड घटते आणि उष्णता मात्र वाढतच जाते. एका फेरीच्या वेळेसाठी चालक त्या शिखरावर नाचतो. शर्यतीत शहाणा चालक शिखराच्या किंचित अलीकडे राहतो. तिथे पकड जवळपास तेवढीच असते आणि ताप बराच कमी. स्टिअरिंग एकदाच आणि हळुवार वळवायचे, वळणातून बाहेर पडताना चाक जागच्या जागी फिरू द्यायचे नाही, सरळ रस्त्याच्या शेवटी पाय थोडा आधी उचलायचा. पुढच्या गाडीच्या शेपटाला चिकटून राहायचे नाही, कारण तिने ढवळलेल्या हवेत आपली गाडी जमिनीवर नीट दाबली जात नाही आणि प्रत्येक वळणाला थोडी घसरते. नवा टायर लावल्यावर पहिल्या दोन-तीन फेऱ्या त्याला सावकाश आणायचे. या फेऱ्यांत घाई केली तर त्याचे व्याज शेवटच्या दहा फेऱ्यांत भरावे लागते.

मेक्सिकोच्या सर्जिओ पेरेझने २०१२ मध्ये सौबरसारख्या मधल्या फळीतल्या गाडीतून तीनदा पहिल्या तिघांत जागा मिळवली ती बरीचशी याच कसबावर. दुसऱ्यांचे टायर मान टाकत असताना त्याचे चालू असत. अशा शर्यतींना नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. चालकाने जिवाच्या आकांताने पळवायचे सोडून टायर काय जपायचे, असे ते म्हणतात. आणि हे टायर मुद्दाम असे केलेले आहेत, हेही खरेच. जून २०१० मध्ये माँट्रियलला ब्रिजस्टोनचे टायर अनपेक्षितपणे लवकर ढासळले, शर्यत विलक्षण रंगली आणि पुढच्या वर्षी आलेल्या पिरेलीला तसेच काही करायला सांगितले गेले. तरीही ही तक्रार मला पटत नाही. १९५७ मध्ये न्युर्बुर्गरिंगला फांजिओ मासेराती घेऊन उतरला तो अर्धी टाकी इंधन आणि मऊ टायर घेऊन, मधे एकदा थांबायचे असे ठरवून; फेरारीवाले कडक टायरांवर न थांबता जाणार होते. त्याचे थांबणे फार लांबले, तरी त्याने त्यांना गाठून मागे टाकले आणि पाचवे विश्वविजेतेपद त्याच दिवशी पक्के केले. ती आजही थोर शर्यत मानली जाते. तिच्या मुळाशी टायरचाच हिशेब होता.

भारतात झालेल्या तीन शर्यतींपैकी शेवटची या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. २७ ऑक्टोबर २०१३, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट. तिथे मऊ टायर एका फेरीला वेगवान होता पण पटकन फोड येऊन बसत होता. पात्रता फेरीत ज्यावर वेळ नोंदवली त्याच टायरवर पहिल्या दहा जणांनी शर्यत सुरू करायची असा तेव्हा नियम होता, आणि शर्यतीत मऊ व मध्यम असे दोन्ही प्रकार वापरणेही सक्तीचे होते. सेबास्टियन फेटेलने मऊ टायरवर पहिली जागा मिळवली, शर्यतीत त्यावर फक्त दोन फेऱ्या काढल्या आणि आघाडी सोडून पिटमध्ये आला. नावडते काम उरकून टाकले. पुढच्या अठ्ठावन्न फेऱ्या मध्यम टायरांवर, आणखी एकदाच थांबून. शर्यत त्याने जिंकली, चौथे विश्वविजेतेपदही.

त्याच वर्षी ३० जूनला सिल्व्हरस्टोनला मात्र हेच शिकणे अंगाशी आले होते. डावा टायर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला तर तो जास्त चांगला चालतो, असे संघांना आढळले होते. हवा ठरवून दिल्यापेक्षा कमी ठेवली तर पकड वाढते, चाक जास्त कलते ठेवले तर वळणात फायदा होतो, हेही. प्रत्येक युक्ती एकेकटी खपून जात होती. वेगवान वळणांच्या आणि धारदार कडांच्या त्या ट्रॅकवर सगळ्या एकत्र आल्या आणि शर्यतीत चार गाड्यांचे डावे मागचे टायर फुटले. पहिला होता आघाडीवर असलेल्या लुईस हॅमिल्टनचा. त्यानंतर टायरांच्या बाजू बदलायला बंदी आली, हवेची किमान आणि कलाची कमाल मर्यादा सक्तीची झाली. तिथून पुढे टायर वाचवण्याची युक्ती आणि माणूस वाचवण्याची मर्यादा यांच्यात एक लेखी रेघ आली. ती आधीच असायला हवी होती, असे मला वाटते.

हॅमिल्टनच्याच दोन शर्यती शेजारी ठेवल्या तर टायर वाचणे म्हणजे काय ते सर्वांत स्वच्छ दिसते. २००७ साली, आपल्या पहिल्याच हंगामात, तो शांघायला विश्वविजेतेपदाच्या दारात उभा होता. ओल्या ट्रॅकसाठीचे नक्षीचे टायर, ट्रॅक वाळत चाललेला. संघाने त्याला बाहेरच ठेवले. मागचा टायर गोटा होऊन आतले कापड दिसू लागले. अखेर बोलावले तेव्हा पिटच्या वळणावर गाडी वळलीच नाही आणि वाळूत रुतली. हंगामाच्या शेवटी विजेतेपद एका गुणाने गेले. तेरा वर्षांनी, १५ नोव्हेंबर २०२० ला इस्तंबूलमध्ये, तशाच नक्षीच्या टायरांवर तो पन्नास फेऱ्या राहिला. शेवटी शेवटी नवे टायर घ्यायचे का, असा प्रश्न आला तेव्हा तो थांबला नाही. नक्षी पार गेली होती. तरीही तो तीस सेकंदांहून अधिक फरकाने जिंकला आणि सातवे विश्वविजेतेपद घेऊन मायकेल शूमाखरच्या बरोबरीला आला.

तोच प्रकार, तीच झीज, मग निकाल उलटा का? ओल्या टायरच्या नक्षीतले उंच ठोकळे ओलसर ट्रॅकवर वाकतात, हलतात, त्यामुळे तापतात आणि फाटतात. इस्तंबूलचे डांबर नुकतेच नव्याने घातलेले होते, अतिशय निसरडे, आणि दिवस थंड. ठोकळे झिजून बुटके झाले तेव्हा त्यांचे हलणे थांबले, टायर शांत झाला आणि दमट ट्रॅकवर सपाट टायरासारखा चालू लागला. नवा घेतला असता तर पुन्हा थंड रबर, पुन्हा सुरळ्या, पुन्हा ती सगळी वणवण. शांघायला मात्र ट्रॅक वाळत होता, रबर तापून कापडापर्यंत संपले होते आणि पिटच्या तोंडाशी ओल होती. झिजलेला टायर दोन्हीकडे झिजलेलाच. त्याच्याखाली काय आहे आणि त्याच्या पोटात किती ऊब आहे, यावर सगळे ठरले. शर्यतीनंतर हॅमिल्टनने २००७ च्या त्या पिटच्या वळणाची आठवण काढली होती.

शेवटची गोष्ट बेल्जियममधली. २८ जुलै २०२४, स्पा, सात किलोमीटरची एक फेरी, अशा चव्वेचाळीस. ट्रॅकचा काही भाग नव्याने डांबरलेला. आदल्या दिवशी पाऊस, त्यामुळे कोरड्या ट्रॅकचा अंदाज कोणालाच पुरता नव्हता. बहुतेकांचा बेत दोनदा थांबण्याचा. मर्सिडीजच्या जॉर्ज रसेलने दहाव्या फेरीनंतर कडक टायर घेतले आणि गाडी चालवता चालवता त्याच्या लक्षात आले की हे मंदावत नाहीत. एकदाच थांबून जाता येईल का, असे त्यानेच रेडिओवरून सुचवले. चौतीस फेऱ्या, दोनशे अडतीस किलोमीटर, एकाच संचावर. मागून नव्या टायरांवर हॅमिल्टन येत होता. रसेलने अर्ध्या सेकंदाने शर्यत जिंकली. कागदावर नसलेली गोष्ट हातापायांनी वाचून घेतलेला हा विजय होता.

मग गाडी काट्यावर चढवली. चालकासह किमान ७९८ किलो हवे होते. इंधन काढून घेतल्यावर भरली ७९६.५. रसेल बाद झाला आणि विजय हॅमिल्टनकडे गेला. संघाने नंतर शोध घेतला तेव्हा गाडीखालच्या फळीची झीज आणि चालकाचे घटलेले वजन यांच्याबरोबर टायरांची झीज हेही एक कारण निघाले. बाकीच्या ट्रॅकवर झेंडा पडल्यावर चालक परतीची फेरी मुद्दाम कडेकडेने, चुऱ्यावरून काढतात, म्हणजे दुसऱ्यांचे सांडलेले रबर गरम टायरांना चिकटते आणि वजन थोडे भरून निघते. स्पाची फेरी इतकी लांब आहे की तिथे परतीची पूर्ण फेरी मारतच नाहीत. पहिल्या वळणापुढून गाड्या वळवून पिटमध्ये आणतात. शुक्रवारी गॅरेजात खरवडून टाकले जाते तेच उष्टे रबर रविवारी हवे होते, आणि ते गोळा करायला रस्ताच उरला नव्हता.